माझं डिजिटल हृदय दुसऱ्यांच्या हृदयांवर उभं आहे

काकांना हार्ट अटॅक येऊन गेल्यावर काही महिन्यांनी टू-डी इको केला, त्यात ईएफ ३४ टक्के आला. आठवड्याभरात दुसऱ्या ठिकाणी परत केला तर ३८. माणूस तोच, हृदय तेच, गोळ्याही त्याच. ईएफ म्हणजे डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर फेकलं जातं तो आकडा, आणि तो काढणारा माणूस स्क्रीनवर हृदयाच्या कडा कुठे धरतो यावर तो चार-पाच टक्के इकडेतिकडे होतोच, त्यात कुणाची चूक असते असं नाही. अडचण अशी की ३५ वर एक रेघ आहे. ३५ किंवा खाली असेल तर छातीत आयसीडी बसवा, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर आतूनच शॉक देणारं मशीन, आणि ३५ च्या वर असेल तर सहसा बसवत नाहीत. काकू दोन्ही रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांसमोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, यातला खरा कुठला ते तुम्हीच सांगा." डॉक्टर प्रामाणिक होते, त्यांनी सांगितलं की आकडा काठावर आहे, दोन्ही बाजूंनी बोलता येईल, निर्णय आपण मिळून घेऊ. मशीन बसवलं. चार वर्षं झाली, एकदाही शॉक दिलेला नाही. मग गरज नव्हती का? का अजून वेळ आलेली नाही? हे आजच्या घडीला कोणीच सांगू शकत नाही आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

ती ३५ ची रेघ हवेतून आलेली नाही. २००२ ची मॅडिट-टू आणि २००५ ची एससीडी-हेफ्ट या मोठ्या ट्रायल्समधून ती आली, आणि त्या रेषेने हजारो जीव वाचवलेत हे आधी मान्य करू. पण ती सरासरीची रेघ आहे. मशीन बसवलेल्या बऱ्याच लोकांना आयुष्यभर एकही शॉक लागत नाही, आणि दुसरीकडे अचानक हृदय बंद पडून जाणाऱ्यांत ३५ च्या वर ईएफ असलेले लोक खूप असतात, त्यांना तर कुणी मशीनचं विचारलेलंही नसतं. सगळे घोडे बारा टक्के, असा तो हिशोब आहे. कारण ईएफ सांगतो पंप किती जोरात चालतो ते, वीज कुठे अडकते ते सांगत नाही. अटॅकनंतर हृदयाच्या भिंतीत व्रण राहतो, त्या व्रणाच्या कडेने अर्धमेल्या पेशींची वाट उरते, तिथून वीज हळू सरकते आणि फिरून परत त्याच जागी येते, मग गोल गोल फिरत बसते, आणि तेच जीवघेणं असतं. दोन माणसांचा ईएफ सारखाच ३४, पण एकाचा व्रण असा की वीज अडकायला जागाच नाही आणि दुसऱ्याचा असा की चक्रव्यूहच.

म्हणून हृदयाचं डिजिटल ट्विन ही कल्पना मला मनापासून पटते. तुमच्या हृदयाचा एमआरआय काढायचा, त्या कापांवरून कॉम्प्युटरने आकार जुळवायचा, लाखो बारीक तुकड्यांची जाळी करायची, प्रत्येक तुकड्यात स्नायूचे धागे कुठल्या दिशेने जातात ते भरायचं, व्रण कुठे आहे ते भरायचं, मग प्रत्येक तुकड्यात विजेची गणितं सोडवायची आणि त्या हृदयाचा जो ईसीजी निघतो तो तुमच्या खऱ्या ईसीजीशी जुळेपर्यंत आतले आकडे हलवत राहायचं. जुळलं की ते तुमचं जुळं. आता खऱ्या हृदयावर जे करून बघायची कुणाची हिंमत होणार नाही ते त्याच्यावर करता येतं, इथून टोच, तिथून टोच, वीज अडकते का बघ, अडकली तर कुठल्या जागी बारीक डाग दिला म्हणजे वाट तुटेल ते बघ.

ही गणितं काल-परवाची नाहीत. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी मज्जातंतूतल्या विजेची समीकरणं मांडली, ती घेऊन डेनिस नोबल यांनी १९६० मध्ये हृदयाच्या एका पेशीचा ठोका कॉम्प्युटरवर उभा केला. एक पेशी! तिथून अख्ख्या हृदयापर्यंत यायला कित्येक दशकं लागली. जॉन्स हॉपकिन्सच्या नतालिया त्रायानोव्हा यांच्या टीमने २०१६ मध्ये ४१ पेशंटांच्या ट्विनवर दाखवलं की कुणाला जीवघेणी अरिदमिया, म्हणजे ठोक्यांचा बिघाड, होईल हे अशा टोचून बघण्यातून ईएफपेक्षा चांगलं ओळखता येतं, आणि २०१९ मध्ये १० पेशंटांत एट्रियल फिब्रिलेशनसाठी, म्हणजे वरचे कप्पे नुसते थरथरतात त्या आजारासाठी, डाग नेमके कुठे द्यायचे हे आधी ट्विनवर ठरवून मग खऱ्या हृदयात दिले. ४१ आणि १०. हे आकडे मी मुद्दाम लिहितोय, पुढे लागणार आहेत.

इथपर्यंतची गोष्ट म्हणजे एका माणसाला एक ट्विन, हाताने, वेळ घालून केलेलं. मोठा बदल झाला तो मोठ्या प्रमाणावरच्या इमेजिंगमुळे. ब्रिटनच्या यूके बायोबँकेत २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे ५ लाख लोक आपणहून सामील झाले, त्यातल्या लोकांचे मेंदू, हृदय, पोट असे स्कॅन काढायला २०१४ मध्ये सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये १ लाखावा माणूस स्कॅन झाला. त्यातून त्या लोकांना काय मिळालं? उपचार तर नाहीच. कित्येक तास देऊन, त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये श्वास धरून पडून राहून ते आपापल्या घरी गेले. एवढे एमआरआय हाताने रेखाटायचे म्हटले तर माणसांच्या पिढ्या जातील, पण कॉम्प्युटरला हृदयाच्या कडा ओळखायला शिकवलं आणि ते काम मिनिटाच्या आत व्हायला लागलं. याच जोरावर किंग्स कॉलेज लंडन, इंपीरियल कॉलेज आणि ॲलन ट्युरिंग इन्स्टिट्यूटच्या लोकांनी ३,८०० हून जास्त हृदयांची ट्विन्स बनवली आणि २०२५ मध्ये त्यावरचं काम छापून आलं.

आणि त्यात सापडलं ते मला कुठल्याही महागड्या ऑपरेशनपेक्षा मोठं वाटतं. ईसीजीत क्यूआरएस नावाचा उंच टोकदार भाग असतो, त्याची रुंदी म्हणजे वीज खालच्या दोन कप्प्यांत पसरायला लागलेला वेळ. बायकांचा क्यूआरएस पुरुषांपेक्षा अरुंद असतो हे खूप आधीपासून माहीत होतं. का, ते मात्र नुसत्या ईसीजीवरून कळत नाही, कारण वीज वेगाने धावली तरी तो अरुंद होतो आणि हृदय लहान असलं तरी अरुंद होतो. ट्विनमध्ये मात्र आकार आणि वेग वेगवेगळे काढता येतात. तसे काढले तर दिसलं की फरक मुख्यतः आकाराचा आहे. वीज दोघांत जवळपास त्याच वेगाने धावते, बाईच्या हृदयात तिला अंतर कमी पडतं, एवढंच.

यात काय मोठं, असं वाटेल. बघा काय होतं ते. हार्ट फेल्युअरमध्ये दोन्ही बाजूंचे ठोके एकत्र आणणारा सीआरटी नावाचा पेसमेकर असतो, तो कुणाला बसवायचा हे क्यूआरएसच्या रुंदीवर ठरतं. डावीकडची वायरिंग बंद असेल आणि रुंदी १५० मिलिसेकंद किंवा जास्त असेल तर गाईडलाईनची शिफारस ठाम, त्याच्या खाली ती सैल होत जाते. ज्या ट्रायल्सवरून हे ठरलं त्यांत बायका जेमतेम पाचात एक होत्या. २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या संशोधकांनी तीन ट्रायल्समधले ४,००० हून जास्त पेशंट एकत्र करून बघितलं तेव्हा दिसलं की डावीकडची वायरिंग बंद असलेल्या पेशंटांत १३० ते १४९ च्या पट्ट्यात बायकांना त्या मशीनचा स्पष्ट फायदा होतो, पुरुषांना होत नाही. म्हणजे लहान हृदयातले १३५ आणि मोठ्या हृदयातले १३५ हे एक नव्हेतच, लहान हृदयाला तेवढा वेळ लागतोय याचा अर्थ तिथे वीज खरंच रखडलीय. पुरुषाच्या मापाची पट्टी बाईच्या छातीवर लावली आणि "तुम्हाला गरज नाही" म्हणून परत पाठवलं, अशा किती जणी असतील! आणि त्या पट्टीत नेमकी काय खोट आहे ते दाखवायला हजारो ट्विन्स लागली.

माझं म्हणणं इथे येतं. ट्विनबद्दल बोलताना सगळे "तुमचं स्वतःचं हृदय, तुमचा स्वतःचा उपचार" असं बोलतात, पर्सनलाइज्ड हा शब्द तर सगळीकडे चिकटवलेला असतो. पण हजारो ट्विन्सचा सगळ्यात मोठा उपयोग ज्याला कधीच एमआरआयच्या मशीनमध्ये झोपायला मिळणार नाही त्या माणसाला आहे. कारण ईसीजी कुठेही निघतो, दहा मिनिटांत निघतो, आणि त्या ईसीजीसोबत उंची, वजन, स्त्री की पुरुष, वय एवढं टाकून तो जास्त शहाणपणाने वाचायला ट्विन्स शिकवू शकतात. महागडं काम एकदाच करायचं, शिकलेलं सगळ्यांना वाटायचं. असं असेल तर हे स्कॅन, ही मॉडेल्स, ही शिकलेली माहिती सगळ्यांच्या मालकीची असायला हवी, रस्ता किंवा धरण असतं तशी. एखाद्या कंपनीच्या तिजोरीतला माल म्हणून ती ठेवायची नाही.

यावर समोरून एक मुद्दा नेहमी येतो आणि तो हलका नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या रोगांनी २०२२ मध्ये जगात अंदाजे १ कोटी ९८ लाख लोक गेले, त्यातले तीन चतुर्थांश गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या हिशोबात हाय बीपी असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना आपल्याला बीपी आहे हेच माहीत नव्हतं, आणि पाचातल्या एकाचंच बीपी ताब्यात होतं. मग स्वस्तातली बीपीची गोळी लोकांपर्यंत पोचत नसताना कॉम्प्युटरमध्ये हृदय कशाला बनवताय? खरं सांगतो, दोन्हीपैकी एकच निवडायचं असेल तर मी डोळे झाकून गोळी निवडीन. पण तसं एकच निवडायची वेळ आलीय असं मला वाटत नाही, कारण आयसीडी, सीआरटी, ॲब्लेशन म्हणजे डाग देऊन विजेची वाट तोडणं, हे सगळं आत्ता, आजही चालूच आहे, आणि ते चुकीच्या माणसाला करण्यात पैसाही जातो आणि माणूसही. साधारण तीनातल्या एका पेशंटला सीआरटीचा अपेक्षित फायदा होत नाही. अंदाज सुधारला तर तो पैसा वाचतोच. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या बाबतीत हे थोडं सिद्धही झालंय, सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये रक्ताचा प्रवाह मोजून ब्लॉक खरंच अडवतोय का ते सांगणारी हार्टफ्लो कंपनीची टेस्ट २०१४ पासून अमेरिकेत मान्य आहे, आणि २०१५ च्या प्लॅटफॉर्म अभ्यासात ज्यांची अँजिओग्राफी ठरली होती त्यातल्या ६१ टक्के लोकांची ती रद्द झाली, सीटी आणि ही टेस्ट बघितल्यावर. छातीपर्यंत तार न घालता काम भागलं.

म्हणजे ट्विन नको असं माझं अजिबात म्हणणं नाही. मला चिंता आहे ती विहिरीची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बायोबँकेने ९० लाखांहून जास्त लोकांना पत्रं पाठवली, त्यातले साधारण साडेपाच टक्के आले. जे आले ते बाकीच्यांपेक्षा तब्येतीने बरे, कमी सिगरेट ओढणारे, जास्त खात्यापित्या घरातले. त्यात जवळपास ९५ टक्के गोरे. तिथल्या लोकांनी हे लपवलेलं नाही, त्यांनी स्वतःच मोजून छापलंय, त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. पण त्या हृदयांवरून शिकलेलं मॉडेल जेव्हा एखाद्या बारीक चणीच्या, दक्षिण आशियातल्या, पन्नाशीच्या आत अटॅक आलेल्या माणसाच्या हृदयाला लागेल तेव्हा ते त्याचं जुळं असेल का दुसऱ्याच कुणाचं? बऱ्याच देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दिसलं होतं की दक्षिण आशियात पहिला अटॅक बाकी जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो. ती हृदयं आडात थेंबभर आहेत.

अजून एक गोष्ट जी फारशी बोलली जात नाही. बायोबँकेचा हृदयाचा स्कॅन साधारण वीस मिनिटांचा, बिनइंजेक्शनचा असतो. बरोबरच आहे, धडधाकट माणसाला संशोधनासाठी उगाच शिरेतून गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयचं चित्र उजळ करणारं इंजेक्शन, का द्यायचं? पण व्रण नीट दिसतो तो गॅडोलिनियम दिल्यावरच. म्हणजे एवढ्या मोठ्या साठ्यातून मॉडेल हृदयाचा आकार शिकतं, वीज शिकतं, आणि काकांसारख्या माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे तो व्रण तिथे जवळपास दिसतच नाही. व्रणाचा अभ्यास पेशंटांवरून करावा लागतो, आणि तिथले आकडे मघाशी लिहिले ते, ४१ आणि १०. एका बाजूला १ लाख स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला मूठभर पेशंट, आणि बातमीत दोन्ही एकत्र करून सांगतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की लाखो लोकांवर सिद्ध झालेली गोष्ट आहे.

हे आधीही झालंय. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या एका गावात ५,२०९ लोकांवर अभ्यास सुरू झाला, बीपी आणि कोलेस्टेरॉलचा हृदयाशी संबंध आपल्याला ठामपणे कळला तो बराचसा त्या गावामुळे, ते उपकार विसरायचे नाहीत. पण त्यावरून काढलेला रिस्क स्कोअर चीनमधल्या लोकांना जसाच्या तसा लावला तर धोका प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवत होता, तिथल्या आकड्यांवर तो परत बसवावा लागला. स्कोअर निदान कागदावरचा असतो, कुणीही बेरीज तपासू शकतो. ट्विन तर दिसायलाच इतकं खरं, स्क्रीनवर धडधडणारं लाल हृदय, की समोर बसलेला पेशंट आणि कधीकधी डॉक्टरही त्याच्यावर शंका घ्यायला कचरतील.

आणि शंका घ्यायला जागा आहे. ईसीजी जुळवणं म्हणजे हृदय जुळवणं नाही. वेगवेगळ्या आतल्या आकड्यांतून एकच ईसीजी निघू शकतो, इथे वेग थोडा कमी आणि तिथे वाट थोडी लहान असं केलं तरी बाहेरून चित्र तेच. मग एकच ट्विन दाखवून "हे तुमचं हृदय" म्हणणं हे अर्धसत्य झालं. अशी जेवढी ट्विन्स तुमच्या ईसीजीला बसतात तेवढी सगळी चालवा, आणि सांगा की शंभरातल्या नव्वदात वीज अडकते का पन्नासात. नव्वद असेल तर डॉक्टर ठाम बोलतील, पन्नास असेल तर काकूंना जे ऐकायला मिळालं तेच परत ऐकायला मिळेल, पण निदान कारणासकट. शिवाय हृदय बदलत राहतं, औषधाने सुधारतं, नवा अटॅक आला तर बिघडतं, मागच्या वर्षीच्या स्कॅनवरचं ट्विन म्हणजे मागच्या वर्षीचा फोटो, त्यावरून आज सुई घालायची का?

म्हणून मला वाटतं की ट्विन सांगेल तसा उपचार करायचा असेल तर औषधाला किंवा मशीनला लावतो तीच परीक्षा त्याला लावायला हवी. निम्म्या लोकांचा निर्णय ट्विन बघून, निम्म्यांचा नेहमीच्या पद्धतीने, कोण कुठे ते चिठ्ठी टाकून, आणि मग दोन-चार वर्षं मोजायचं की कोण जगलं, कुणाला परत ॲडमिट व्हावं लागलं. भारी कॉम्प्युटर वापरला म्हणून सूट नाही. २०१६ च्या डेन्मार्कच्या ट्रायलने दाखवलं की ब्लॉकेज नसताना ज्यांचं हृदय कमजोर झालंय त्यांच्यात आयसीडीने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, तोपर्यंत जगभर बसवत होते, शहाणीसुरती माणसं बसवत होती. जे तर्काला पटतं ते मोजल्यावर टिकतंच असं नाही, या शाखेने हे वारंवार अनुभवलंय.

आणि मालकीचं काय? बायोबँकेत लोक पोटतिडकीने आले, आपल्याला काही मिळणार नाही हे माहीत असून आले. त्यांच्या स्कॅनवर शिकलेलं मॉडेल उद्या कुणी कुलूप लावून विकणार असेल आणि ते कसं शिकलं, कुणावर तपासलं हे विचारलं की व्यापारी गुपित म्हणणार असेल, तर तो त्या लोकांशी दगा आहे, मला याहून सौम्य शब्द सुचत नाही. कंपन्यांनी पैसे कमवावेत, सॉफ्टवेअर नीट चालवायला, तपासायला, सांभाळायला पैसा लागतोच. पण मूळ हृदयांचे आकार आणि मॉडेल कुणालाही तपासता आलं पाहिजे, बनवण्याची अवजारं खुली पाहिजेत, म्हणजे ज्या देशांतली हृदयं आडात नाहीत तिथले लोक आपली हृदयं त्यात घालू शकतील. आत्ताच्या काही टीम्स आपली अवजारं आणि नमुन्याची हृदयं खुली ठेवतायत, ही चांगली सुरुवात आहे, ती नियम व्हायला हवी. आणि पेशंटचं स्वतःचं ट्विन पेशंटला मिळालं पाहिजे, हॉस्पिटल बदललं तर एक्स-रेसारखं बरोबर नेता आलं पाहिजे, आणि त्याच्या संमतीशिवाय ते विमा कंपनीच्या टेबलावर जाता कामा नये. रक्ताचा रिपोर्ट आज कसा आहे ते सांगतो, ट्विन उद्या काय होऊ शकतं ते सांगतं, म्हणून त्याची राखण जास्त कडक हवी.

काकांच्या आयसीडीची बॅटरी अजून काही वर्षांनी संपेल. तेव्हा परत तोच प्रश्न येणार, बदलायची का राहू द्यायची, आणि तोपर्यंत कदाचित कुणीतरी त्यांचं ट्विन बनवून देईलही. मला त्या रिपोर्टवर धडधडणारं चित्र नसलं तरी चालेल. दोन आकडे छापलेले हवेत. तुमच्या ईसीजीला बसणाऱ्या शंभर ट्विन्सपैकी किती जणांत वीज अडकली, आणि हे मॉडेल ज्या हृदयांवरून शिकलं त्यात तुमच्या वयाची, तुमच्या अंगकाठीची, तुमच्यासारखा व्रण असलेली हृदयं किती होती. दुसरा आकडा शून्य असेल तर शून्य लिहा, काकू वाचतील आणि त्यांना कळेल.